गाळाचा उन्हाळा

मागच्या वैशाखात भावाकडे गेले होते. आमचं गाव रामटेकच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून मैलभर आत. उन्हं कलल्यावर पाय मोकळे करावेत म्हणून तलावाच्या पाळीवर, मातीच्या उंच बांधावर, चढले, आणि खालून एक वास आला. पाणी मध्यभागी थोडंसं उरलं होतं. बाकी सगळा तळ उघडा पडलेला, आणि काठाशी यंत्राने नुकताच उकरलेला ओला गाळ. कुजलेल्या कमळदेठांचा, शेवाळाचा, शिंपल्यांचा, आणि या सगळ्याच्या तळाशी जरासा गोडसर असा तो वास. भावाच्या सुनेने नाकाला पदर लावला. "आत्या, चला ना, घाण येऊन राहिली," ती म्हणाली. मी तिला पुढे जायला सांगितलं आणि पाळीवरच बसले.

हा वास मला पहिल्यांदा आला तो मायच्या लुगड्याला. साठ सालाच्या पुढेमागे, मी अगदी लहान असताना. उन्हाळाभर तिच्या कुशीत झोपायचं म्हणजे या वासात झोपायचं. कितीही अंघोळ केली तरी तो केसांतून जात नसे. पुढे कितीतरी वर्षं मला वाटे, सगळ्यांच्याच आयांना चैत्र-वैशाखात असा वास येतो.

पाडवा झाला की तलाव उतरू लागायचा. ढिवरांची माणसं शेवटची मासोळी काढून न्यायची, शिंगाड्याचे वेल सुकून तळाला चिकटायचे, मग चिखल हळूहळू घट्ट व्हायचा. त्यावर माणसाचं वजन पेलू लागलं की गाव खाली उतरायचं. कुणी कुठे खणायचं हे ठरलेलं असे. कुदळी पुरुषांच्या हाती, टोपली बायांच्या डोक्यावर. वर्षभर ओढ्यानाल्यांनी रानातून आणलेला पाचोळा, लेंड्या, बारीक माती तळाशी साचून त्याचा काळाभोर, लोण्यासारखा गाळ झालेला असायचा. तो धानाच्या बांध्यांमध्ये पडायचा. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. चारही बाजूंनी मातीचा बांध घालून पाणी अडवलेला तुकडा.

आमच्या सात बांध्या होत्या आणि साती पाळीच्या लगत, पलीकडच्या अंगाला. प्रत्येकीला नाव होतं. वरची, मोठी, जांभळीची, वाकडी. बाबा त्यांच्याबद्दल घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. "वरची उपाशी आहे यंदा," म्हणत, आणि त्या उन्हाळ्यात गाळ वरच्या बांधीत जाई. दर तीन वर्षांनी एकेकीची पाळी यायची. बाकीच्यांची शेतं लांब. त्यांना गाळ न्यायला बंडी जुंपावी लागे, वळसा घालून जावं लागे. ते बाबांना म्हणत, "तुझं बरं आहे गा. बंडी नको, बैल नको."

खरंच होतं ते. बैल नको होते. माय होती.

पाळीला बाबांनी कुदळीने पायऱ्या कोरून दिल्या होत्या. तलावाच्या बाजूने बत्तीस, शेताच्या बाजूने वीस. अजून पाठ आहेत मला. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून माय चुंबळ करायची, ती डोक्यावर, तिच्यावर टोपलं. टोपलं बाबा उचलून द्यायचे. ओला गाळ फार जड असतो. टोपलं डोक्यावर टेकताना मायच्या मानेत एक शीर उठायची आणि ओठ आत वळायचे, आणि मग ती चालू लागायची. हात न लावता. बत्तीस पायऱ्या चढून, वीस उतरून, बांधीत ढीग ओतून परत. सकाळी उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत, आणि पुन्हा ऊन उतरल्यावर. मी सकाळची शाळा सुटली की जायची. माझं टोपलं अर्धं असे.

आता ते दिवस आठवताना सगळंच कष्टाचं होतं असं म्हणवत नाही. दुपारी पाळीवरच्या करंजाखाली आम्ही बसायचो. तांदळाची पेज, कांदा, मिरचीचा ठेचा. माय गाळातून मोठा शिंपला वेचायची, दगडावर त्याची पाठ घासून भोक पाडायची, आणि त्याच्या धारेने कैरी सोलायची. साल अशी पातळ निघायची की उन्हात धरली तर पलीकडचं दिसावं. शेजारची जनामावशी सासरच्या माणसांच्या नकला करायची आणि बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. शिंगाड्याची वाळकी टरफलं पायात रुतायची. ती काढायला बाभळीचा काटा प्रत्येकीच्या पदराला टोचलेला असे. काट्याने काटा काढताना माय माझा पाय मांडीवर घ्यायची. दिवसभरात तेवढाच वेळ मी तिच्या मांडीवर असायची.

रोवणीच्या, धानाची रोपं लावायच्या दिवसांत बाबा मला गाळ घातलेल्या बांधीत उभं करायचे. चिखल पोटऱ्यांपर्यंत यायचा, मऊ, कोमट. बोटांमधून काहीतरी वळवळत जायचं. "घाबरू नको वं," बाबा म्हणायचे, "थे आपलंच काम करून राहिले." धान निघाल्यावर त्याच ओलीवर जवस यायचा, हरभरा यायचा, आणखी एक थेंब पाणी न देता. माघात जवसाची निळी फुलं दिसायची तेव्हा घरात कुणी जेवायलासुद्धा शेतातून लवकर परतत नसे.

मायच्या टाळूवर केस नव्हते. रुपयाएवढी जागा, गुळगुळीत, चुंबळ बसायची तिथे. गावातल्या बहुतेक बायांची तीच तऱ्हा होती, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नसे. सणाच्या दिवशी वेणी घालताना माय आजूबाजूचे केस त्या जागेवर ओढून घ्यायची आणि मला विचारायची, "दिसून राहिलं का वं?" मी नाही म्हणायची.

मी सहावीत होते त्या उन्हाळ्यात ती पडली.

वाकड्या बांधीत गाळ टाकणं चालू होतं. माय पुढे, मी मागे. पाळ चढून शेताकडच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना तिने मला काहीतरी सांगायला अंग वळवलं. टरफलं आहेत, बघून चाल, असंच काही असेल. पायरीची कड निसटली. ती शेताच्या बाजूला गेली, आणि टोपलं तिच्याबरोबर. ओरडलीसुद्धा नाही. मी वरून पाहिलं तेव्हा ती खाली आडवी होती आणि गाळ तिच्या खांद्यावर, मानेवर, तोंडावर. बाबा कुदळ टाकून धावत आले. त्यांनी आधी तिच्या नाकातोंडातला गाळ बोटांनी काढला. "बोल वं," ते म्हणत होते, "काहीतरी बोल." माय म्हणाली, "मान हलून नाही राहिली."

बंडी जुंपून तिला रामटेकला नेलं, तिथून मोटारीने नागपूरला. धंतोलीत एका डॉक्टरांकडे. मान वाचली होती, पण हाडाला मार होता. गळ्याभोवती जाड पट्टा बांधला आणि सांगितलं, यापुढे डोक्यावर वजन नाही. पाण्याचा गुंडसुद्धा नाही. बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "रोवणीले वाकू शकन का ती?"

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "आधी मान सरळ तर होऊ द्या."

माय डोळे मिटून पडली होती. माझा हात तिच्या हातात होता. तिने तो एवढा दाबला की बांगडीचा वण उठला. पण हेही सांगायला हवं की पुढचे वीस दिवस बाबा त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपले आणि रोज संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून, एकेक तिच्या तोंडात घालत राहिले. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. एकाच माणसाच्या आहेत.

पुढच्या चैत्रात बाबा तलावाकडे गेले नाहीत. "या घरातली बाई आता गाळ नाही वाहणार," एवढंच ते म्हणाले. पांढरं खत, म्हणजे युरिया, वापरा म्हणून ग्रामसेवक दोन वर्षांपासून मागे लागले होते, त्यांना बाबांनी हो म्हटलं. सोसायटीतून पोती आली. साबुदाण्यासारखे दाणे, हातात घेतले की गार, आणि वास नाकात टोचणारा. रोवणीनंतर मायने स्वतः ते फेकले. वाकवत नव्हतं, पण हात फेकता येत होता. पट्टा सुटून वर्ष झालं होतं. ती ताठ मानेने, कमरेला परडी लावून, बांधाबांधाने चालली होती, आणि दोन तासांत साती बांध्या झाल्या. साती! ती बांधावर बसून हसायला लागली. "एवढुशा दाण्यात होते हे? मंग आम्ही काहून मेलो एवढी वर्षं?"

आणि धान तरी कसं आलं! काळपट हिरवं, दाट. खळ्यावर जागा पुरेना. त्या वर्षी मला आठवीसाठी रामटेकच्या शाळेत घातलं. उन्हाळाभर मी पुस्तकं घेऊन करंजाखाली बसायची आणि घरी परतले की माय असायची, कोरड्या केसांची, साबणाच्या वासाची. पांढऱ्या खताला नावं ठेवणारे आज पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यात चटकन बसू शकत नाही. मी शिकले ती त्या पोत्यांमुळे.

एकेक करत बाकीच्यांनीही तलाव सोडला. गाळ न निघाल्याने तलाव उथळ होत गेला. सरपणाला रानात जाणं कठीण झालं, तसं शेण गोवऱ्यांमध्ये जाऊ लागलं. शेतात जायला उरेना.

मी नागपूरला शिकायला गेले, मग जरीपटक्याकडच्या एका शाळेत मास्तरीण झाले, लग्न झालं. सुट्टीत गावी यायची. रोज पाहणाऱ्याला जे दिसत नाही ते वर्षा-सहा महिन्यांनी येणाऱ्याला दिसतं. एका वर्षी नांगरटीनंतर वरच्या बांधीत ढेकळं होती, नारळाएवढी. बाबा ती लाकडी मोगरीने फोडत होते. एका वर्षी जवस पेरलाच नव्हता. "येत नाही आता," बाबा म्हणाले. धान कापलं की जमीन लगेच वाळून फाटायची, खाली ओल राहतच नसे. भादव्यात पंधरा दिवस पाऊस थांबला तर पूर्वी धानाला कळायचंसुद्धा नाही, आता चौथ्या दिवशी पानं सुरळीसारखी वळायची. पोती तेवढीच पुरेनात. दीडपट झाली, दुप्पट झाली, आणि खळं मात्र लहान होत गेलं. मी रोवणीला चिखलात उतरले तर पाय घोट्यापर्यंत जाऊन खाली कडक थराला लागला. बोटांमधून काहीही गेलं नाही.

बाबा यातलं काही मायसमोर बोलत नसत. विषय निघाला की उठून गोठ्यात जात. मायला दिसत होतंच. एकदा मी तिला न्हाऊ घालत होते, तेव्हा बोटांना टाळूवर मऊ लव लागली. केस परत आले होते. पांढरे, तान्ह्या बाळाच्या जावळासारखे. मी तिला आरशात दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "जमीन टकली झाली न् मले केस आले."

त्यानंतरची गोष्ट ऐंशी सालानंतरची. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या मुलाला घेऊन गावी होते. पाच दिवस बाबा पहाटेच बंडी घेऊन कुठेतरी जात होते आणि दुपारी चूपचाप येऊन अंघोळ करत होते.  सहाव्या दिवशी माय मला म्हणाली, "चाल माह्यासंगं." आम्ही शेतावर गेलो. वरच्या बांधीत ढीग होते. दोन-दोन हातांवर एक, ओळीने, ओले, काळे. माय त्यांच्यातून हळूहळू फिरली. वाकता येत नसे म्हणून तिने पायाच्या अंगठ्याने एक ढीग दाबून पाहिला. मग पाळीकडे वळली. पायऱ्या पावसाने कधीच वाहून गेल्या होत्या. आम्ही बंडीच्या चाकोरीने निघालो.

चाकोरी पाळीच्या कडेने सांडव्यापर्यंत जात होती, तिथे उतारावर दगड बसवले होते, एक बांध फोडून पुन्हा लिंपला होता, मग शेजाऱ्याच्या पडीक शेतातून वळून तलावात उतरत होती. ताजं काम होतं. तळात बाबा एकटेच खणत होते. साठी उलटलेली, पाठीवर घामाने गंजी चिकटलेली. बंडी अर्धी भरली होती. आम्हाला पाहून त्यांनी कुदळ थांबवली आणि चोरी सापडलेल्या माणसासारखे उभे राहिले.

"हा रस्ता कधी केला?" मायने विचारलं.

"झाले चार-पाच दिवस."

"चार-पाच दिवसात झाला?"

"दोनच दिवस लागले. दगड इथलेच होते."

माय मागे वळून त्या चाकोरीकडे पाहत राहिली. सांडव्यापाशी ती वळत होती, तिथवर.

"तेव्हा नसता झाला का?"

बाबांनी कुदळीच्या दांड्यावरचा गाळ पुसला.

"मी विचारून राहिली, तेव्हा नसता झाला का? बंडी होती. बैल होते. दगड काही आज उगवले नाही. मंग काहून नाही केला?"

बाबांनी कुदळ उचलली आणि खणायला लागले. तीन-चार घाव घातले, तेही एकाच जागी. माय वाट पाहत उभी राहिली. तलावात आवाज फक्त कुदळीचा. शेवटी तिने बंडीच्या चाकावर पाय ठेवला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन वर चढली. गाळावर बसली. चांगलं धुतलेलं लुगडं होतं अंगावर.

"मले घरी नेऊन सोडा."

"बंडी भरली नाही अजून."

"भरा मंग. मी बसली आहे."

बाबांनी तिच्याभोवती गाळ भरला. बैल जुंपले. बैलांना ओझं होऊ नये म्हणून ते स्वतः कासरा धरून पायी चालले, मी मागून, आणि माय उंचावर, ताठ मानेने, गाळाच्या ढिगावर बसून सबंध गावाला वळसा घालून घरी आली. लोक ओट्यावर येऊन बघत होते. जनामावशीने विचारलं, "कुठं निघाली वं मिरवणूक?" माय म्हणाली, "जुनी होती. राहून गेली होती."

त्यानंतर दर उन्हाळ्यात बाबा गाळ नेत राहिले. बंड्या ते कोडीने मोजत, वीस बंड्यांची एक कोडी. धाकटा भाऊ हाताशी आला होता, तोही जुंपला. पांढरं खत पूर्ण कधी सुटलं नाही, पण पोती निम्म्यावर आली. घरात सरपणाचं दुसरं बघून शेण पुन्हा उकिरड्यात जाऊ लागलं. जमीन मात्र लवकर वळत नाही. बिघडायला तिला दहा-बारा वर्षं लागली, आणि परतायला त्याहून जास्त. पहिल्या वर्षी वरच्या बांधीत काहीच फरक दिसला नाही, भाऊ वैतागला. तिसऱ्या वर्षी ढेकळं मोगरीशिवाय फुटू लागली. पाचव्या वर्षी धानामागून वरच्या बांधीत जवस उभा राहिला, विरळ, गुडघ्याच्या खालीच, पण निळा. साती बांध्या बाबांच्या हातून झाल्या नाहीत. चार झाल्या. वाकडी अजून कडक आहे. भाऊ सांगतो, ट्रॅक्टरचा फाळही तिथे ओरडतो. दोघंही आता नाहीत, बाबा आधी गेले, माय नंतर.

एक दिवस सांगायचा राहिला. तो त्या पाचव्या वर्षातला, जवस पेरला त्याच सुमाराचा. मी दिवाळीनंतर गावी थांबले होते. वरच्या बांधीतलं नवं धान कुटून आणलं होतं. दुपारची वेळ, भाऊ रामटेकला गेलेला, स्वयंपाकघरात आम्ही तिघंच. नव्या तांदळाचा भात, वर अंबाडीची आंबट भाजी. माय पाटावर बसून वाढत होती. बाबा जेवता जेवता थांबले. हात भातातच होता. मान वर न करता बोलू लागले, जणू तलावातल्या त्या प्रश्नानंतरची पाच वर्षं गेलीच नव्हती.

"मनात आलं होतं माह्या. तेव्हा. बंडीचं."

मायचा हात पातेल्यावर थांबला.

"सांडव्याचा चढ पाहून आलो होतो मी. मले वाटलं, बैलांचे खांदे सोलतीन." त्यांनी घोटभर पाणी प्यायलं. "बैलांचं आलं मनात. तुह्या मानेचं नाही आलं."

बाहेर अंगणात कोंबड्या कण्या टिपत होत्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठले असते तर आवाज झाला असता.

"माहीत होतं मले," माय म्हणाली. "पण तुम्ही तोंडानं म्हणाल असं नव्हतं वाटलं."

तिने त्यांच्या ताटात भात वाढला, मग माझ्या, मग आपल्या.  बाबा खाली पाहत खात होते, सावकाश, एकेक घास.

"यंदा मोठी बांधी घ्या," माय म्हणाली. "पाच कोड्या बंड्या लागतीन तिले."

"सहा लागतीन," बाबा म्हणाले.

"मंग सहा टाका."